पंडुमाआधीची कैरी

आमच्या शाळेच्या गेटापासून ऐनाचं एक मोठं झाड बावीस पावलांवर आहे. बावीस हा माझा अंदाज. ती पावलं मी कधी टाकलेली नव्हती. मी इथे अधीक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा जाळी आधीच लागलेली होती, आणि जाळीच्या आतून माणूस फक्त अंदाजच करू शकतो. पावसाळ्यात त्या झाडाचं खोड भिजून काळं पडतं, उन्हाळ्यात राखेच्या रंगाचं होतं, पानं झडतात, पुन्हा फुटतात. तीन वर्षं मी हे सगळं तारेच्या चौकोनांतून बघत आले.

मुलींची निवासी शाळा आहे ही. सावली गावापासून थोडी आत, एका अंगाला धानाच्या बांध्या आणि उरलेल्या तिन्ही अंगांना जंगल. शेजारच्या गावातली एक बाई सरपणाला गेली ती परत आली नाही. मग पलीकडच्या गावातला एक गुराखी. त्यानंतर शाळेभोवती दोन पुरुष उंच जाळी आली, गेटाला कुलूप आलं आणि किल्ली अधीक्षिकेकडे राहील असा आदेश आला. मुलींच्या जिवाचा प्रश्न आहे, मी त्यावर वाद घालत नाही. वाघ खरा आहे. त्याचे पंजे गेटासमोरच्या धुळीत मी स्वतः पाहिलेत, माझ्या तळहाताहून मोठे. पण सकाळी कमरेला किल्ली खोचताना मला रोज वाटतं की आपण शिकवायला आलो होतो आणि राखणीला बसलो. चीड येते. कोणावर काढायची ते कळत नाही, मग ती बिचाऱ्या भाजीवाल्यावर निघते.

शनिवारचा शेवटचा तास 'परिसर भेट' असतो. तो हॉलमध्ये होतो. पडदे ओढायचे, मोठा टीव्ही लावायचा, त्यावर झाडं दाखवायची. मग मुलींना रांगेत उभं करून फोटो काढायचा आणि वर पाठवायचा. एकदा मोहाचं झाड दाखवत होते. सहावीतली मैनी मागच्या रांगेतून म्हणाली, "मॅडम, ह्याचा वास कुठी हाय?" मुली हसल्या. मी पण हसले, कारण दुसरं काय करणार. मागच्या वर्षी एकदा बसने जंगल दाखवायला नेलं होतं. खिडक्यांना जाळी, खाली उतरायचं नाही, बोलायचंही नाही. वाघ दिसला नाही. परत येताना मुलींनी भेंड्या लावल्या, आणि दिवसभरात त्यांचे चेहरे तेवढ्याच वेळात खुलले.

या एप्रिलमध्ये स्वयंपाकाच्या बाई तक्रार घेऊन आल्या. कैरीचा मोसम आला की त्या वरणात कैरीच्या फोडी टाकतात, ताटात कैरीची चटणी वाढतात. सगळ्या मुली बोटं चाटतात आणि एक मैनी ताट बाजूला सारते. "चार दिस झाले मॅडम, नुसता मीठभात खाऊन राह्यली. पोट्टीले काय धाड भरली, तुम्हीच पाहा."

मी मैनीला बोलावलं. ती दारात उभी राहिली, एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाची टाच खाजवत.

"काऊन नाई खात वं?"

"आमचा पंडुम नाई झाला, मॅडम."

"कोणतं गाव तुझं?"

तिने गावाचं नाव सांगितलं. एटापल्लीच्या पलीकडचं, पन्नासेक घरांचं गाव. मी ते इथे मुद्दाम लिहीत नाही. ते नाव मला नवं नव्हतं. स्वयंपाकघरातून कैरीच्या चिकाचा उग्र वास येत होता. मी एवढंच म्हटलं, "बरं, जा तू," आणि बाईंना सांगितलं की तिच्यापुरतं वरण वेगळं काढत जा. मग खोलीत जाऊन दार लोटून बसले. तेहतीस वर्षांपूर्वी बारा वर्षांची मी जिथे बसले होते, तिथेच पुन्हा जाऊन बसल्यासारखं वाटलं.

मी सावलीचीच. आमच्या वस्तीतलं विहार, त्याच्या मागे मालगुजारीच्या काळातला मामा तलाव, तलावाच्या पाळीवरून उतरलं की बांध्या, आणि बांध्या संपल्या की जंगल. मधे काहीही नव्हतं. जाळी, फाटक, पाटी, काहीच नाही. रविवारी सकाळी शेंडे सर सायकलवरून यायचे, विहाराच्या वट्ट्याला सायकल टेकवायचे आणि शीळ घालायचे. सरांचे वरचे समोरचे दोन दात कधीतरी सायकलवरून पडून गेलेले होते. त्या फटीतून शीळ अशी निघायची की तलावापलीकडच्या म्हशीही मान वर करायच्या. आम्ही पंधरा-वीस पोरंपोरी धावत सुटायचो. पेरूसुद्धा सरांना चाकूने कापून लागायचा. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो आणि ते चिडल्याचं सोंग करायचे.

सरांचं एकच सांगणं होतं, "आधी हात, मंग नाव." जंगलात शिरलं की ते आमचे डोळे बांधायचे, कधी टॉवेलने, कधी कोणाच्या ओढणीने. मग खांद्याला धरून एखाद्या झाडापाशी न्यायचे आणि तळहात खोडावर टेकवायचे. कहूचं खोड गार आणि गुळगुळीत. टेंभुर्णीची साल जळक्या लाकडासारखी, चौकोनी तडे गेलेली, हाताला काळं लागेल की काय असं वाटायला लावणारी. ऐनाच्या सालीवर खवलेच खवले. पहिल्यांदा हात लावला तेव्हा मी किंचाळले होते, मला वाटलं सरांनी मगरीवरच हात ठेवला. सर म्हणाले, "भेऊ नको वं पोरी, थे बी तुले भेऊन राह्यलं." मी कितीतरी दिवस ते खरं मानत होते. ऐनाजवळ गेले की आधी हळूच बोट लावायचे, त्याला दचकायला नको म्हणून.

ऐनावर कोसा असायचा, म्हणजे रानरेशमाच्या अळ्या. ढिवरांची घरं पावसाळाभर त्या अळ्या राखायची, पाखरं हाकलायची. एकदा एका आजोबांनी माझ्या हातावर एक कोश ठेवला, मातकट, कोंबडीच्या अंड्याहून थोडा लहान. "कानाले लाव," सर म्हणाले. हलवला तर आत खुळखुळ वाजलं. आत कोणीतरी होतं. मी पुन्हा हलवला, पुन्हा वाजलं, मला मजाच वाटली. सरांनी कोश काढून घेतला. "जास्त हलवू नको. त्याले बाहेर याचं हाय." हल्ली झोप लागत नसली की मला तो खुळखुळ आवाज आठवतो.

चैत्रात मोहाखाली पालापाचोळा जाळून जागा साफ करतात, म्हणजे पडलेली फुलं दिसतात. त्या जळक्या पानांचा आणि फुलांचा मिळून एक वास असतो, गोड आणि धुरकट. आम्ही शाळेत गेलो तरी तो केसांत राहायचा. मे महिन्यात टेंभुर्णीची टेंभरं, चारोळीची चारं. श्रावणात चिखलात पाय रुतवून बांधीतली बेडकांची अंडी बघायची, हातात घेतली की बुळबुळीत, थंड. थंडीत पळसाची पानं शिवून पत्रावळ करायची आणि त्याच पत्रावळीवर घरचे डबे सोडायचे. घरी आले की आई माझे पाय बघायची आणि म्हणायची, "शेंडे सरानं अर्ध जंगल घरी धाडलं का आज?" माझी बोटं कायम कसल्या ना कसल्या डागांनी भरलेली असायची. आता माझे हात फार स्वच्छ आहेत.

सहावीची परीक्षा झाली त्या एप्रिलात सरांनी आम्हाला लांब नेलं. एसटीने गडचिरोली, तिथून दुसऱ्या गाडीने एटापल्ली, आणि पुढे अर्धा दिवस चालत. सर त्या माडिया आदिवासींच्या गावात वर्षानुवर्षं जायचे. गावाच्या मधोमध गोटुल होतं, म्हणजे सगळ्या गावाचं मिळून एक मोठं लाकडी घर, तिथे आमची पथारी पडली. गावातल्या बायकांनी आम्हाला आंबिल दिली, माडिया मुलांनी आम्हाला झाडावर चढायला शिकवलं, आमच्यातल्या निम्म्यांना चढता आलं नाही. आणि गोटुलाच्या मागेच आंब्याचं एक प्रचंड झाड होतं, कैऱ्यांनी लगडलेलं, फांद्या इतक्या खाली की हात वर केला की पुरे.

सरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला गोल बसवून सांगितलं. "यायचा मरका पंडुम व्हाचा हाय. मरका म्हंजे आंबा, पंडुम म्हंजे सन. पंडुम व्हयेपर्यंत गावातलं कोनी नवा आंबा तोंडात घालत नाई. लेकरू नाई, म्हातारं नाई. तुमीबी घालाचा नाई."

आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, खाल्ला तं देव कोपते का?" प्रश्न आम्हा सगळ्यांचाच होता. आम्ही बौद्ध घरांतली पोरं, देवाच्या कोपाला भ्यायचं नाही हे आम्हाला पाळण्यातच सांगितलेलं. सर तर विहारात माझ्या बाबांच्या शेजारी बसणारे.

"देवाचं मले माहीत नाई," सर म्हणाले. "पन आता कैरी कापली तं आत कोय कशी राह्यते? पांढरी, मऊ. थे मातीत घातली तं झाड येते का? नाई येत. हे लोक कोय घट होऊ देतेत, मंग पूजा करतेत, मंग खातेत. भेवाचं काम नाई हे, धीराचं हाय."

मला ते पटलं होतं. अगदी मनापासून पटलं होतं. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे नाल्यावर अंघोळीला गेलेले असताना, मी गोटुलामागे गेले, हात वर केला, एक कैरी तोडली आणि खाल्ली. दोन चावे घेतले. दात आंबले, डोळे मिटले गेले, ओठाच्या कोपऱ्याला चीक लागून झोंबलं. उरलेली कैरी झुडपात टाकली आणि धावत नाल्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरणी बाई गोटुलाच्या पायरीशी आली. पाठीला मूल बांधलेलं. तिच्या उघड्या तळहातावर माझी कैरी होती, चाव्याची कड काळी पडलेली. मागोमाग गावातली माणसं आली. तिने कैरी पुढे केली आणि विचारलं, "कोन खाल्लं?"

आम्ही रांगेत उभे होतो. सरांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आमच्याकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर आली तेव्हा माझा हात आपोआप ओठाच्या कोपऱ्यावर गेला. चिकाने तिथे चट्टा पडला होता. नजर पुढे सरकली. मग सर पायरी उतरून खाली गेले आणि म्हणाले, "म्या खाल्ली."

गावकरी आपसांत माडियात बराच वेळ बोलत राहिले. सरांनी दंड म्हणून एक कोंबडं दिलं, सगळ्या गावासमोर हात जोडले. सर कोणाला हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. निघताना गावाच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने त्यांना काहीतरी सांगितलं. आम्ही विचारलं तर सर म्हणाले, "काई नाई. आता थे बोलावतीन तवा याचं." माझ्याजवळून जाताना फक्त एवढं म्हणाले, "तोंड धू वं, आन खोबऱ्याचं तेल लाव." परतीच्या अख्ख्या वाटेवर त्यांनी शीळ घातली नाही.

बोलावणं आलं नाही. मधल्या काळात शाळेत भलतंच पसरलं, सरांनी आदिवासींच्या देवाचा आंबा चोरून खाल्ला म्हणे. कोणीतरी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. मग लांबच्या सहली बंद झाल्या, पुढच्या वर्षी रविवारचं जंगलही बंद झालं. सर आठवड्यातले सहा दिवस शाळेत यायचे, फळ्यावर झाडाचं खोड काढायचे आणि त्याला बाण काढून नावं लिहायचे. सालींची चित्रं त्यांना अजिबात जमत नसत. मी पहिल्या बाकावर बसून ती वहीत उतरवून घ्यायचे. एक वाक्य बोलायचं होतं मला, तीन शब्दांचं. रोज ठरवायचे, आज मधल्या सुट्टीत. माझी दहावी झाली, सरांची बदली झाली, आणि ते वाक्य मी माझ्यासोबत घेऊन फिरत राहिले. डी.एड.ला, लग्नात, पहिल्या नोकरीत. चांगल्या दिवसांतही ते आत खुळखुळायचं.

दोन वर्षांपूर्वी कळलं की सर चंद्रपूरला मुलाकडे आहेत, तब्येत बरी नाही. मी गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीपाशी पलंग. चार दिवस न पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर खाणींच्या कोळशाची काळी भुकटी बसलेली. सरांना बाहेर नेणारं कोणी नव्हतं, जिना उतरवत नव्हता. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. कठड्यावरून बोट फिरवून ते काळं बोट माझ्यापुढे धरलं आणि हसले. तोंडात आता एकही दात नव्हता.

"आधी हात, मंग नाव. सांग, कोनतं झाड हाय हे?"

मी म्हटलं, "सर, हा कोळसा."

"कोळसा कायचा राह्यते वं? जुनं जंगलच थे. नाव मलेबी नाई माहीत." मग म्हणाले, "तू तं जंगलातच हायेस आता. पोट्ट्याइले नेतेस ना बाहेर? हात लावू देतेस?"

"नेते सर," मी म्हटलं. "दर शनिवारी."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. आता कैरीचं बोलून टाकू म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायले. त्याच पावसाळ्यात सर गेले. म्हणजे त्यांच्याशी मी बोललेलं शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि खरं होतं ते बोललेच नाही. याला लाज म्हणतात, दुसरा शब्द नाही.

मैनीला पंडुमासाठी घरी पाठवावं म्हणून मी मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज नेला होता. त्यांनी नाही म्हटलं. परीक्षा तोंडावर, वाट जंगलाची, जबाबदारी कोणाची. सगळी कारणं बरोबर होती. मी अर्ज घडी घालून परत आणला. मैनीने पुढचे दहा दिवस काढले. जेवायला बसली की शेजारणीच्या ताटातल्या चटणीकडे बघायची आणि मग भिंतीकडे. रडली एकदाही नाही.

मग एका रविवारी सकाळी चौकीदार नामदेवभाऊ मला बोलवायला आले. "मॅडम, एक म्हातारी बाई आली हाय. मैनीची काको म्हनते." काको म्हणजे आईची आई. "कार्ड-बिर्ड काईच नाई तिच्यापाशी. म्या आत नाई घेतली."

गेटापाशी मैनी आधीच पोचली होती. जाळीच्या पलीकडे एक बारीक, वाळकी बाई उकिडवी बसलेली, शेजारी टोपली, टोपलीत पळसाच्या पानांची पुडी. एटापल्लीहून आदल्या दिवशीच निघून, तीन गाड्या बदलून आणि फाट्यापासून चालत आली होती. दोघी माडियात बोलत होत्या, मधेच हसत होत्या. मला बघून म्हातारी उभी राहिली.

"पंडुम झाला, बाई. पोरीले आंबा आनला."

तिने पुडी सोडली. आत चार गावठी आंबे होते, नुकते पाडाला आलेले. त्यातला एक तिने उघड्या तळहातावर ठेवून जाळीशी धरला. आणि तो तळहात मी ओळखला. चेहरा मी ओळखला नसता, पण तो तसा पुढे केलेला हात मी तेहतीस वर्षं रोज बघत होते.

माझ्या तोंडून ते निघूनच गेलं. मैनी ऐकत होती, नामदेवभाऊ ऐकत होते, मागे व्हरांड्यात मुली दात घासत उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तुमच्या गावात शेंडे मास्तर पोरं घेऊन यायचे. गोटुलामागची कैरी त्यांनी नाही खाल्ली. ती मी खाल्ली."

म्हातारीने मैनीकडे पाहिलं. मैनीने माडियात सांगितलं. म्हातारी जराही चकित झाली नाही. तिने स्वतःच्या पुढच्या दातांवर बोट ठेवलं.

"मास्तरले हे दात कुठी होते?" ती म्हणाली. "बारीक दात. पोरीचे दात. आमाले तवाच समजलं."

मी जाळीला दोन्ही हातांनी धरलं. मग मी विचारलं, "मग तुम्ही पुन्हा बोलावलं का नाही?"

आता ती मैनीच्या मदतीने बोलू लागली, अर्धं माडियात, अर्धं आमच्या भाषेत. "आमच्या पुजाऱ्यानं मास्तरले सांगतलं. लेकरानं खाल्लं, लेकराले दोस नाई. त्याले घेऊन ये. पंडुमाचा आंबा आमच्या हातानं त्याले देऊ. मंग झालं, सपलं." तिने टोपली जवळ ओढली. "मास्तर आला. तीन वर्स आला, पंडुमाले. एकटाच. पुजारी इचारे, लेकरू कुठी हाय? मास्तर हासे. म्हने, म्याच खाल्ला. नाव नाई सांगतलं. थे लेकरू आल्याबिगर बाकी पोरायची गावात येची वाट मोकळी करता येत नाई. मंग त्यानं येनंच सोडलं."

तीन वर्षं. म्हणजे मी सातवीत, आठवीत, नववीत असताना. पहिल्या बाकावर बसून ते बाण वहीत उतरवत असताना. ते एप्रिलमध्ये एकटे जात होते, आणि मला फक्त 'सर, मला न्या' एवढं म्हणायचं होतं. माझं नाव त्यांनी सांगितलं असतं तर सगळ्या सहली त्यांना परत मिळाल्या असत्या. मी जाळी धरून उभी होते आणि रडत होते, मुलींसमोर, अधीक्षिका.

म्हातारीने थोडा वेळ मला रडू दिलं. मग आंबा जाळीत घालून पाहिला. तो शिरेना. चौकोन लहान होता. तिने आडवा घातला, उभा घातला, नामदेवभाऊंकडे बघून वैतागाने काहीतरी म्हणाली. मैनी फिस्सकन हसली.

"काय म्हणते गं?"

"मॅडम, थे म्हनते, वाघ तं बाहेर हाय, मंग तुमाले काऊन कोंबलं?"

मी कमरेची किल्ली काढली. नामदेवभाऊ म्हणाले, "मॅडम, मुख्याध्यापकसाहेब..." मी म्हटलं, "भाऊ, काठी घ्या, डबा वाजवा, आणि आमच्यासोबत चला. ऊन चढलंय. त्या ऐनापर्यंत." त्यांनी खरंच पाण्याचा रिकामा डबा उचलला.

गेट उघडलं. मुली दोन-दोनच्या रांगेत आल्या, काहींच्या तोंडाला अजून मंजन लागलेलं. डबा वाजत होता, नामदेवभाऊ पुढे, म्हातारी माझ्याशेजारी. मी पावलं मोजली. सतरा निघाली. मैनीने आपली ओढणी काढून पहिल्या मुलीचे डोळे बांधले, तिला कोणी सांगितलंही नव्हतं. मुलीने हात लावला आणि किंचाळली. मग सगळ्यांनाच किंचाळायचं होतं. काही मुली खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभ्या राहिल्या, त्यांना ओढून काढावं लागलं.

दहा मिनिटं झाली असतील. मला माहीत होतं की कुलूप पुन्हा लागणार आहे, मीच लावणार आहे, आणि उद्या लेखी खुलासाही मीच देणार आहे. म्हातारीने आंबा माझ्या हातावर ठेवला आणि वरून स्वतःचा हात दाबला. "खा," ती म्हणाली.

मी सालीसकट चावा घेतला. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला. आत कोय दाताला लागली, घट्ट. मी दुसरा चावा घेणार तेवढ्यात तिने आंबा माझ्या हातातून काढून घेतला, उन्हात धरला आणि चाव्याची कड निरखून पाहिली, अगदी सावकाश, त्या सकाळी पाहिली असेल तशी.

"थेच दात हाय," ती म्हणाली, आणि आंबा मला परत दिला.